डबऱ्याच्या शेतासाठी जुनी .315 रायफल घ्यावी का?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शेती डबऱ्याच्या पुढे. वीज रात्री येते, त्यामुळे गव्हाच्या हंगामात मुक्काम पाण्याच्या मोटारीवरच. आजोबांची दुनाळी काकांच्या नावावर गेली. माझ्या लायसन्सवर एनपीबी (प्रतिबंध नसलेल्या बोअरची, म्हणजे नळीच्या मापाची) रायफल मंजूर झाली आहे. नवी परवडत नाही. साठ हजारांच्या आत जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची) बघतोय. मिरवायची नाही, खांद्याला अडकवून बांधाबांधाने हिंडायचंय. दोन नजरेत आहेत: ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 आणि माउजर धर्तीची .30-06. दुसरीचं लाकूड इतकं देखणं आहे की मन तिथेच अडकलंय.

कंपूवाले काका
लाकूड सोड रे, आधी काडतूस बघ. .315 ची काडतुसं आपल्याच सरकारी कारखान्यांची, ग्वाल्हेरात कुठल्याही दुकानात विचार. .30-06 कधी असते, कधी नसते, आणि असली की खिसा रिकामा. कोणी ‘तशीच दिसणारी’ .303 दाखवली तर हातसुद्धा लावू नकोस, ती प्रतिबंधित बोअर. फौजेचं काडतूस लोकांच्या हाती नको, म्हणून तर .315 आली. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची जुनी .315 मिळाली तर तीही बघायला हरकत नाही.

आता बघायचं कसं. रायफल रिकामी आहे ना, स्वतः खात्री कर. बोल्ट काढ, मागे पांढरा कागद धर आणि नळीत बघ. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळी गंजते. वेळच्या वेळी धुतली नसेल तर नळीच्या आतल्या आट्यांमध्ये काळे खड्डे दिसतील. थोडा काळपटपणा चालतो, खड्डे नाही. तोंडाची कड बोटाने चाचप; गज कायम तोंडाकडून घालणाऱ्यांनी ती झिजवलेली असते. बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे. दुसऱ्याच रायफलचा बोल्ट बसवला की हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा) बिघडतो, आणि तुझा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असतो. जमलं तर तिच्यातून उडालेल्या काडतुसाचं रिकामं खोकं माग; बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं तर सरळ घरी ये. दस्त्याला बॉडीच्या मागे चीर आहे का तेही बघ, पॉलिश तिथेच जाड मारतात.

आणखी एक. .315 ची काडतुसं कडेची, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे हवी, नाहीतर ऐन वेळी अडकते. हिंडताना मॅगझिन भरलेलं, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत हे कोणाला पटत नाही, म्हणून तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत हर्ष फायरिंगला (आनंदात गोळ्या झाडण्याला) दोन वर्षांपर्यंत कैद आली.

दुनाळीच बरी
काकांचं सगळं मान्य, पण सपाट गव्हात रायफल कशाला? ती गोळी चुकली तर दीड-दोन किलोमीटरवर पुढच्या गावातल्या माणसाचा जीव घेईल. रात्री तर मागे काय आहे ते दिसतही नाही. बारा बोअरच्या दुनाळीचा छर्रा जवळच संपतो. आणि दादा, रानडुक्कर किंवा रोही परवानगीशिवाय मारलं तर 1972 चा वन्यजीव कायदा आहेच. मग रायफल नक्की कोणासाठी?

कंपूवाले काका
गोळीच्या पल्ल्याचं खरं आहे. बांधावर उभं राहून आडवी झाडायची नाही, हे मी लिहायला हवं होतं. पण याच्या लायसन्सवर रायफल आहे, आणि मोटारी-केबल चोरणारे छर्ऱ्याच्या पल्ल्यात येऊन थांबत नाहीत. नुसती खांद्यावर दिसली तरी काम होतं.

कलेक्टोरेटच्या चकरा
खासगी माणसाकडून घेणार असाल तर विकणाऱ्याने तुमच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्यात लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. त्याआधी पैसे मोजा, पण रायफल घरी आणू नका. ‘आज घेऊन जा, नोंद नंतर’ म्हणणाऱ्याला रामराम करा. नंबर दोन्ही लायसन्सवर बरोबर चढला का, तिथेच उभं राहून वाचा. एका आकड्याच्या चुकीपायी निवडणुकीत हत्यार जमा करताना माझी रांग दोनदा लागली.

बांधावरचा
आभार. .315 वाल्याला फोन केला. बोल्टचा नंबर विचारल्यावर म्हणाला, ‘बघून सांगतो.’ अजून बघतोच आहे.

कंपूवाले काका
मग दुसरी बघ.