उत्तर: ३०० जीबीसाठी किती जागा घ्यावी?

३०० जीबी फोटोंना ५०० जीबी ऑनलाइन जागा पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसते फोटो असतील तर आरामात पुरेल. रेस्टिक हे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर फाइलींचे फक्त नवे किंवा बदललेले तुकडेच चढवतं. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर मात्र १ टीबीच घ्या, कारण प्रत्येक एक्सपोर्ट म्हणजे नवी कोरी फाइल.

एक लक्षात ठेवा, रेस्टिकच्या 'फरगेट' कमांडने फक्त जुने स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या बॅकअपच्या नोंदी, जातात. जागा मोकळी होते ती 'प्रून' ही कमांड चालवल्यावरच. माझी जागा याच कारणाने भरली होती.

२० एमबीपीएस अपलोड असेल तर पहिल्या फेरीला सलग ३३ तास तरी लागतील, तेव्हा शुक्रवारी रात्री लावून द्या. आणि कळकळीने सांगतो, बॅकअपचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर डेटा कुणालाच उघडता येत नाही.