लो-अँगल म्हणजे सत्ता, लाल म्हणजे धोका: ही पाठांतरं कधी थांबणार?

अर्धाप्रकाश:
परवा एका चित्रपट-रसग्रहण शिबिरात हातात तक्ता पडला. डावीकडे तंत्र, उजवीकडे अर्थ. कॅमेरा खालून लावला की माणूस बलवान, वरून लावला की केविलवाणा. लाल म्हणजे धोका. तिरकी चौकट म्हणजे डोकं ठिकाणावर नाही. हातात धरलेला कॅमेरा म्हणजे अस्वस्थता. शेजारच्या मुलाने लगेच फोटो काढून घेतला. पुढचे दोन दिवस चर्चा म्हणजे काय, तर बघायचं, तक्त्यात शोधायचं, बोट वर करायचं. "सर, लाल पडदा!" नायिकेच्या घरातला पडदा लाल होता, एवढाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा.

माझं म्हणणं असं की हा तक्ता मुळात करताच येत नाही. एकट्या शॉटला अर्थ नसतो. चित्रपट आधी आपल्याला कसली तरी सवय लावतो, मग ती पाळतो नाहीतर मोडतो, आणि जे काही घडायचं ते तिथे घडतं.

'सिटिझन केन' (१९४१) घ्या. नायक केन निवडणूक हरलाय. रात्रीचं रिकामं प्रचार कार्यालय, जमिनीवर कागदांचा खच, आणि दारू पिऊन आलेला जुना मित्र त्याला चार खडे बोल सुनावतोय. कॅमेरा इतका खाली की त्यासाठी सेटच्या जमिनीत खड्डा करावा लागला होता. तक्त्याप्रमाणे केन इथे सत्तेच्या शिखरावर हवा. अहो, तो हरलाय! अवाढव्य दिसतो हे खरं, पण त्याच्या डोक्यावर छतही दिसतं. तेव्हाच्या स्टुडिओतल्या सेटना बहुधा छत नसायचंच, कारण वर दिवे टांगलेले असत. इथे मुद्दाम कापड ताणून छत केलंय. माणूस मोठा आणि खोली अपुरी, असं काहीतरी होतं ते बघताना. हे एकट्या खालच्या कॅमेऱ्याचं काम नाही. कॅमेरा, छत आणि पराभव हे तिन्ही एकत्र आले म्हणून ते होतं.

असहमत असाल तर जरूर लिहा, फक्त एखादा प्रसंग समोर ठेवून लिहा.

कातरकाम:
पंधरा वर्षं एडिटिंग करतोय, म्हणून हसू आवरत नाही. तुमचा तक्ताही चूक आणि तुमची 'सवय'ही जरा जास्तच झाली. निम्मे 'निर्णय' हे दुसऱ्या टेकमध्ये फोकस गेला होता म्हणून झालेले असतात. एका कामात मी संवादाच्या मध्येच खिडकीचा शॉट टाकला होता. कारण? नटाच्या कॉलरवरचा माइक दिसत होता. नंतर एका परिचितांनी त्या खिडकीवर 'बाहेरच्या जगाची ओढ' म्हणून मोठा परिच्छेद लिहिला. मी काही बोललो नाही, छान लिहिलं होतं.

मोठं उदाहरण हवं तर 'जॉज' (१९७५). यांत्रिक शार्क समुद्रात सतत बिघडायचा, म्हणून तो दाखवता येईना. मग पाण्यावर शार्कला अडकवलेली पिवळी पिंपं, आणि पाण्याखालून पोहणाऱ्यांचे पाय. समीक्षक म्हणतात, अदृश्याचं भय. ते भय यंत्रात खारं पाणी शिरल्यामुळे आलंय हो.

अर्धाप्रकाश:
कातरकाम, 'जॉज' काढलात ते बरं झालं. शार्क बिघडला हा अपघात, मान्य. पुढचं बघा. ती दोन सुरांची धून आठवते ना? धून वाजली की शार्क आला, हा नियम चित्रपट आपल्या कानांना शिकवतो. मग किनाऱ्यावर गर्दी असताना पाण्यावर शार्कच्या पाठीचा पर दिसतो. सगळे किंचाळत पळतात, पण धून नाही. आणि निघतं काय, तर दोन पोरं पुठ्ठ्याचा पर घेऊन खोड्या करतायत. म्हणजे धून खोटं बोलत नाही, हेही आपण शिकलो. आपला विश्वास बसला. आता पुढे बोटीवर पोलीसप्रमुख कंटाळून पाण्यात आमिष टाकतोय, तोंडाने कुरकुर चाललीय, आणि शार्क अचानक तोंड वर काढतो. धून वाजलेलीच नाही! आपण खुर्चीतून उडतो ते शार्कमुळे कमी आणि विश्वासघातामुळे जास्त.

शार्कच्या यंत्रात पाणी गेलं असेल. पण त्या दोन ठिकाणी धून न वाजवणं हे पाण्याने ठरवलं नाही.

कातरकाम:
हा प्रसंग मी विसरलो होतो. ठीक. पण तुम्ही निवडून सर्वोत्तम माल काढताय. सरासरी चित्रपटात असं काही नसतं, तिथे लोक उगाच अर्थ उकरतात.

गोष्टवेल्हाळ:
दोघांचंही चालू द्या, पण मूळ मुद्दा सुटतोय. गोष्ट दमदार असेल तर कॅमेरा कुठेही ठेवा, चित्रपट भिडतो. गोष्ट लंगडी असेल तर छत दाखवा नाहीतर तळघर दाखवा. तंत्र म्हणजे वेष्टन. 'सैराट' (२०१६) लोकांना का भिडला? शॉट मोजून कुणी रडलं नाही.

तिसरी घंटा:
गोष्टवेल्हाळ, 'सैराट'ची गोष्ट एका वाक्यात सांगून बघा. वेगळ्या जातींतली दोन पोरं पळून जातात, संसार थाटतात, मुलीच्या घरचे येऊन त्यांना मारतात. ही बातमी आपण कितीदा वाचलीय, आणि वाचून पान उलटलंय. गोष्ट तीच. मग थिएटरात पान का उलटता आलं नाही?

मी मूळचा नाटकवाला, चित्रपट उशिरा बघायला शिकलो, म्हणून माझं वाचन कच्चं असेल. पण मला तिथे जॉनरचा, म्हणजे चित्रपटाच्या प्रकाराचा, डाव दिसतो. सुरुवातीला तो चित्रपट आपल्याला सांगतो, बाबांनो, ही प्रेमकथा आहे, निर्धास्त बसा. विहिरीतली उडी, स्लो मोशन, बुलेटवरची आर्ची, मागे भरगच्च वाद्यवृंद. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचले. चारही गाणी पळून जाण्याआधीच उरकतात. नंतर परक्या शहरात झोपडपट्टी, कामाच्या पाळ्या, संशय, मारहाण, आणि गाणं नाही. कुणी सांगत नाही की आता गाणं येणार नाही. आपण नकळत वाट बघत राहतो.

आणि शेवट. माहेरची माणसं आलीत, भेटवस्तू आणल्यात, आर्ची चहा करतेय. सगळं इतकं साधं की आपल्याला वाटतं, चला, समेट झाला. प्रेमकथेत शेवटी समेट होतोच ना! मारताना काहीही दाखवलेलं नाही. शेजारीण मुलाला घेऊन परत येते, मूल आत जातं, आणि आवाज बंद. मूल रडतंय हे दिसतं, ऐकू येत नाही. मग ते रक्ताची पावलं उमटवत बाहेर चालत जातं. ज्या चित्रपटाने पहिल्या भागात एवढं संगीत कानावर ओतलं, त्याने काढून घेतलेला आवाज आहे हा. गोष्टीत हे कुठे लिहिता येतं? बातमीत तर नाहीच.

गोष्टवेल्हाळ:
छान लिहिलंत, पण तुम्ही निम्मं माझंच म्हणणं सांगितलंत. गाणी आधी, वास्तव नंतर, ही पटकथेची रचना झाली. भेटवस्तू आणि चहा, तीही पटकथा. म्हणजे गोष्ट सांगण्याची हुशारीच. शेवटचा आवाज तेवढा तंत्राच्या खात्यात घाला, बाकी माझ्याकडे ठेवा.

तिसरी घंटा:
खाती वेगळी आहेत असं तुम्ही धरून चालताय, भांडण तेच आहे. 'पथेर पांचाली'त (१९५५) बाप गावाहून परत येतो, हौसेने एकेक वस्तू काढून दाखवतो, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो. मुलगी वारलीय हे त्याला माहीत नाही. आई कोसळते, तोंड उघडतं, आणि तिच्या आक्रोशाच्या जागी तारशहनाईचे सूर येतात. मुलगी गेली, आई रडली, इथवर गोष्ट. पण ते रडणं माणसाच्या गळ्यातून न येता वाद्यातून आलं की ते एका आईचं राहत नाही. हे कुठल्या खात्यात टाकणार?

गोष्टवेल्हाळ:
विचार करतो. पण हरलो असं समजू नका.

चष्मिस:
मला तक्त्याची बाजू घ्यायचीय, कुणीच घेत नाहीये म्हणून. अर्धाप्रकाश, तुमचं केनचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. खालचा कॅमेरा म्हणजे मोठेपणा, ही सवय प्रेक्षकाला आधीपासून आहे, म्हणून तर हरलेला माणूस तसा दाखवल्यावर काहीतरी खुपतं. तक्ता नसता तर मोडणार काय होतं? व्याकरण माहीत नसलेल्याला व्याकरण मोडता येत नाही, तो फक्त चुकतो. 'सायको'त (१९६०) नावाजलेली नायिका मध्याच्याही आधी मारली. धक्का का बसला? नायिका शेवटपर्यंत जगते, हा तक्ता प्रेक्षकाच्या डोक्यात पक्का होता म्हणून.

आणि जॉनर म्हणजे तरी दुसरं काय? तोही एक तक्ताच, फक्त चित्रपटगृहात बसून पाठ झालेला. गंमत म्हणजे तो कधीकधी नंतर तयार होतो. 'फिल्म न्वार' हे नाव हॉलिवूडच्या त्या काळोख्या गुन्हेपटांना दिलं नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने, १९४६ साली. बनवणारे त्यांना मेलोड्रामा वगैरे म्हणत होते. आज त्यातला खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांतून पडणारा उजेड दिसला की आपण लगेच 'आता कुणीतरी फसणार' म्हणतो. एखादी शैली आधी नुसती शैली असते, मग ती नाव घेऊन अर्थ देऊ लागते. शिबिरवाल्यांचं चुकलं ते तक्ता दिला यात नाही, तक्त्यावर थांबले यात.

अर्धाप्रकाश:
हे लागलं. मी 'तक्ता करताच येत नाही' असं लिहिलं, ते मागे घेते. सवय एका चित्रपटात लागते तशी शंभर चित्रपट बघूनही लागते, हे मी गाळलं होतं. तरी एक शंका उरते. तुमचा तक्ता प्रेक्षकाच्या अंगात मुरलेला आहे, त्याला तो म्हणून दाखवता येणार नाही. शिबिरातला तक्ता बघण्याच्या आधी हातात येतो. त्या मुलाने लाल पडदा पाहिला, पण पडद्याशेजारी उभी असलेली बाई पाहिलीच नाही.

कातरकाम:
मग रशियन दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग आठवा. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा, कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीतल्या मुलाशेजारी जोडला, आणि लोकांना म्हणे भूक नि शोक दिसला. मूळ फीत आज नाही, वर्णनंही एकसारखी नाहीत, त्यामुळे किती खरं ते सोडा. पण एडिटिंगच्या टेबलावर हे रोज घडतं. चेहऱ्याला अर्थ नाही, जोडाला आहे. इथे मी तुमच्या बाजूने. मुद्दाम केलं की चुकून झालं, याने जोडाला फरक पडत नाही, हेही आता म्हणावं लागतंय. माझी खिडकीसुद्धा मग जमेला धरा.

रिकामी_खुर्ची:
सगळं कळलं, पण 'कोर्ट' (२०१४) का चांगला ते कुणी सांगेल का? कॅमेरा तिपाईवर ठेवून युनिट चहाला गेलं होतं असं वाटतं. कुणी भाषण करत नाही, टेबलावर हात आपटत नाही.

तिसरी घंटा:
कोर्टपटात शेवटी जोरदार भाषण होणार, ही सवय तुम्हाला कुणी लावली? तीच तिथे नाकारलीय. सरकारी वकील कलमं वाचतात, तारीख पडते, पुढचं प्रकरण येतं. कॅमेरा हलत नाही कारण तिथे काहीच हलत नाही. सुट्टीआधी न्यायालय बंद होतं, दिवे एकेक करून मालवले जातात, आणि कॅमेरा काळोखात तसाच बसून राहतो. नंतर न्यायाधीश सहलीला. बाकावर डुलकी लागलेली, पोरं ओरडून उठवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

कातरकाम:
तो काळोख माझ्या टेबलावर आला असता तर मी दोन सेकंदांत कापला असता. निर्माता वर फोन करून ओरडतोच, 'पिक्चर गेलं का?' म्हणून.

रिकामी_खुर्ची:
मलाही तेव्हा वाटलं होतं की प्रोजेक्टर बंद पडला. बाहेर जायला उठलो होतो.

चष्मिस:
मग काळोखात उभे होतात की बसलात?

रिकामी_खुर्ची:
उभाच होतो. सहल सुरू झाली तेव्हा मागच्याने 'खाली बसा' म्हटलं.