मदत हवी आहे: ओट्स, काबुली चणे, पीनट बटर, दूध पावडर ढीगभर उरलंय, कसं संपवू?

साठा_जास्त

घरात खाणारी माणसं दोन आणि कपाटात पडून आहे ते असं: साधे ओट्स २ किलो, कोरडे काबुली चणे दीड किलो (बरेच जुने), पीनट बटर १ किलो (तेल वर तरंगतंय), दूध पावडर १ किलो (पाकीट फोडलेलं, थोड्या गुठळ्या), कॉर्नफ्लोर अर्धा किलो, टोमॅटो पेस्टचे दोन डबे, नारळाच्या दुधाचे ४०० मिलीचे चार डबे. लहान ओव्हन आहे. अंडं चालत नाही.

रोज ओट्सची खीर आणि उकडलेले चणे खाऊन कंटाळा येतो, म्हणून जरा वेगळे पदार्थ हवेत. तीन अडचणी आहेत. चणे रात्रभर भिजवून, कुकरला लावूनही आतून कचकचीत राहतात. चणे-ओट्सचे कटलेट तव्यावर उलटताना फुटतात. आणि यातलं आधी काय संपवावं, हे ठरत नाही.

मंदआच

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचा बेत त्यावर ठरतो. पाकिटावरच्या तारखेपेक्षा पदार्थात तेल किती आहे ते बघा. तेलकट जिन्नस खवट होतात, निव्वळ स्टार्च वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे क्रम असा: पीनट बटर, साईसकटच्या दुधाची पावडर, ओट्स, मग चणे. कॉर्नफ्लोरची घाई अजिबात नको, कोरडा ठेवलात की झालं. बंद डबे फुगलेले, गळके किंवा शिवणीवर चेपलेले नसतील तर तेही थांबू शकतात. फुगलेला डबा मात्र चाखून बघायच्या भानगडीत न पडता न उघडताच टाकायचा.

पीनट बटरवर तेल सुटणं म्हणजे खराब होणं नव्हे. बाटली रात्रभर उलटी ठेवा, सकाळी सुरीने तळापासून ढवळा. वास जुन्या रंगासारखा येत असेल किंवा जिभेच्या मागच्या भागाला कडवट लागत असेल, तर ते खवट झालंय, टाका. ओट्सलाही हीच परीक्षा: चिमूटभर कोरडेच चावून बघा.

दूध पावडरच्या गुठळ्या बोटांनी दाबून भुगा होत असतील तर पावडर चांगली आहे, चाळून घ्या. दगडासारख्या, पिवळट-तपकिरी, वास मारणाऱ्या असतील तर ठेवू नका.

वाटीचमचा

चण्यांबद्दल. माप २४० मिलीच्या कपाचं धरा.

जुना चणा, त्यातही उष्ण-दमट जागी ठेवलेला, नुसत्या पाण्याने मऊ होत नाही. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन घट्ट झालेलं असतं आणि पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम ते आणखी घट्ट करतं. म्हणून भिजवतानाच मीठ घाला: १ कप चण्याला ४ कप पाणी, १ चहाचा चमचा मीठ, १२ तास. हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वर फेस येऊन चणे आंबतात. ते पाणी टाकून द्या, ताज्या पाण्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून कुकरला लावा. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून २५ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. सोडा यापेक्षा जास्त नको, साबणासारखी चव येते आणि सालं सुटून लगदा होतो.

टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू यातलं काहीही चणे पूर्ण शिजेपर्यंत घालू नका. आंबटात ते पुढे मऊ होतच नाहीत. अनेकदा दोष चण्यांना लागतो आणि कारण हे असतं.

१ कप कोरड्याचे साधारण अडीच ते तीन कप शिजलेले होतात. एकदम २ कप शिजवा. फ्रिजमध्ये ३-४ दिवस टिकतात. उरलेले पाणी निथळून ताटात पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत.

खरपूस

कटलेट फुटायचं कारण बहुतेक वेळा ओला चणा. कुकरमधून काढून थेट वाटला की आतलं पाणी तव्यावर वाफ होऊन बाहेर पडतं आणि कटलेटला भेगा पाडतं. चणे निथळून कापडावर अर्धा तास पसरा, बोटाला ओल लागता कामा नये.

शिजलेले चणे २ कप, ओट्सचं पीठ अर्धा कप (ओट्स मिक्सरमध्ये कोरडेच फिरवा), बारीक चिरून पिळून घेतलेला १ लहान कांदा, पाऊण चहाचा चमचा मीठ, आवडीचा मसाला. चणे मिक्सरला थांबून थांबून फिरवा. निम्मे पेस्ट झालेले आणि निम्मे दाण्याएवढ्या तुकड्यांत दिसले की थांबायचं. पूर्ण गुळगुळीत केलेत तर कटलेट आतून चिकट राहतात, फार भरड ठेवलेत तर धरत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळं एकत्र केल्यावर मिश्रण झाकून ३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ओट्स पाणी ओढून घेतात आणि तीच पकड असते. कालवल्याबरोबर मिश्रण सैल वाटलं म्हणून आणखी पीठ घालायचा मोह होतो, तो आवरा, नाहीतर कटलेट कोरडे ठक्क होतात. अर्ध्या तासाने मुठीत दाबून बघा. गोळा टिकला आणि हाताला फारसं लागलं नाही, तर बरोबर आहे.

५५ ग्रॅमचे आठेक कटलेट होतील, जाडी दीड सेंटीमीटर. कॉर्नफ्लोरमध्ये घोळवून जादाचं झटका. तव्यावर २ मोठे चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूला ४-५ मिनिटं. कडेला तपकिरी रेघ दिसेपर्यंत उलथनं लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की कटलेट स्वतःहून सुटतो.

दुसरा मार्गही आहे: चणे न शिजवता फक्त भिजवून, कोरडे करून भरड वाटा आणि छोटे गोळे १७५ अंशांच्या तेलात तळा. कच्च्या चण्यातला स्टार्च तळतानाच शिजून गोळा धरतो, ओट्स लागतच नाहीत. यासाठी शिजलेले चणे वापरले तर गोळे तेलात विरघळतात. पण तुमचे चणे जुने आहेत, एवढ्याशा वेळात ते आतून कच्चट राहू शकतात. म्हणून पहिला मार्गच घ्या.

मंदआच

पीनट बटर जोरात संपवणारे दोन पदार्थ देते.

दाट सूप: १ मोठा चमचा तेलात कांदा-लसूण परता, २ मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून २-३ मिनिटं परता. लाल रंग विटकरी झाला आणि कडेने तेल सुटलं, की डब्याचा कच्चा वास गेला. हे टाळलं तर सूप कितीही उकळा, तो वास राहतो. मग ३ कप पाणी, २ कप शिजलेले चणे, १० मिनिटं. एका वाटीत ४ मोठे चमचे पीनट बटर घेऊन त्यात गरम रस्सा चमच्या-चमच्याने घाला. आधी ते घट्ट होऊन फाटल्यासारखं दिसेल. घाबरू नका, ढवळत आणखी रस्सा घातला की मऊसूत होतं. मग भांड्यात ओता आणि आच मंद ठेवा, तळाला पटकन लागतं. लिंबू सगळ्यात शेवटी.

बिस्किटं: पीनट बटर १२५ ग्रॅम, मध ८० ग्रॅम, ओट्सचं पीठ १०० ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ. १५ मिनिटं मुरू द्या, चपटी करून १७० अंशांवर ११ ते १३ मिनिटं. बाहेर काढताना मऊच असतात, थंड झाली की घट्ट होतात. कडक होण्याची वाट बघत आत ठेवलीत तर मध करपतो.

उघडलेल्या डब्यातली उरलेली टोमॅटो पेस्ट एकेक मोठ्या चमच्याचे ढीग करून गोठवा. डब्यातच ठेवू नका.

साठा_जास्त

धन्यवाद, चणे आजच मिठाच्या पाण्यात घातलेत. दोन शंका. त्याच सुपात नारळाचं दूध घातलं तर ते फाटतं का? आणि दूध पावडर चहा सोडून कशात जिरवावी?

वाटीचमचा

खळखळ उकळीत आणि आंबटाबरोबर फाटतं. आच कमी करून शेवटी घाला, हलकी वाफ आली की उतरवा. लिंबू वाढताना ताटात पिळा. हमखास हवं असेल तर ४०० मिलीला १ चहाचा चमचा कॉर्नफ्लोर थंड दुधातच कालवून घ्या. डबा उघडल्यावर वर घट्ट थर आणि खाली पाणी दिसलं तर ते खराब नाही, ढवळा. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. वितळल्यावर फुटल्यासारखं दिसतं, पण रश्शात मिसळून जातं.

खरपूस

दूध पावडर भाजा. तिचं यापेक्षा चांगलं काही होत नाही. जाड बुडाच्या कढईत अर्धा कप, अगदी मंद आच, हात न थांबवता ६-८ मिनिटं. आधी काहीच होत नाही, मग अचानक रंग धरते. गव्हाच्या रंगावर आली की लगेच ताटलीत काढा, कढईच्या उष्णतेने ती पुढे भाजतच राहते. वरच्या बिस्किटांत २ मोठे चमचे घाला आणि ओट्सचं पीठ तेवढंच कमी करा. ओट्सच्या खिरीतही घाला, लोण्यात खमंग भाजल्यासारखी चव येते.

मोठा साठा एकदम कमी करायचा तर कंडेन्स्ड मिल्क करा. पाव कप आणि वर एक मोठा चमचा पाण्यात दोन तृतीयांश कप साखर आचेवर पूर्ण विरघळवा, ३ मोठे चमचे लोणी घाला, मग १ कप पावडरबरोबर मिक्सरला फिरवा. साखर नीट विरघळली नाही तर रवाळ लागतं. सुरुवातीला पातळ वाटेल, रात्रभर फ्रिजमध्ये आळतं. आठवड्यात संपवा. बिस्किटांत मधाऐवजी वजनाने तेवढंच चालतं, फक्त तापमान १६० करा, दुधामुळे रंग लवकर चढतो.