उन्हाळी सोयाबीन पेरायचंय पण थंडी हटेना, पेरू का थांबू?

मातीतला_गडी (परभणी)
नमस्कार मंडळी. 2020 च्या खरिपात गावोगाव सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणी झाली, तेव्हापासून मी बियाणं घरचंच राखतो. त्यासाठी एकरभर उन्हाळी करायचंय, वाण फुले संगम. रान तयार आहे पण पहाटे पारा 8-9 वर येतोय. गेल्या साली डिसेंबरच्या शेवटाला कोरड्यात टोकण केली आणि लाइट रात्रीची होती म्हणून रात्रीच स्प्रिंकलर लावले. दहा-बारा दिवस काहीच वर येईना, उकरून बघितलं तर दाणे फुगून लिबलिबीत झालेले, बोटात धरला की फुटायचा आणि घाण वास. निम्म्या रानात नांगे पडले. सगळे म्हणाले बियाणं खराब, पण तेच बियाणं घरात गोणपाटावर शंभरात 85 उगवलं होतं! यंदा सरळ फेब्रुवारीपर्यंत थांबू का?

काळी_कसदार
फेब्रुवारी नको भाऊ. मी एकदा उशीर केला तर ऐन उन्हात फुलं आली, निम्मी गळाली आणि ज्या शेंगा लागल्या त्यात दाणा बारीक. आमच्याकडे संक्रांतीनंतर थंडी थोडी मोडली की पेरतात.

बीज_ताई
दादा, तुमचं बियाणं खराब नव्हतं, त्याला पहिलं पाणी गार मिळालं. मी काही वर्षं बीज तपासणीचं काम केलंय आणि ही तक्रार खूपदा ऐकलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोयाबीनचं सुकं बी उगवण्याआधी स्वतःच्या वजनाच्या निम्मं तरी पाणी ओढून घेतं. सुकलेल्या दाण्यात पेशींचे पडदे विस्कटलेले असतात, ओल लागली की ते परत जुळून येतात, पण त्याला ऊब लागते. हिवाळ्यात खोबरेल कसं थिजतं, तसाच या पडद्यातला स्निग्ध भाग 10 अंशांच्या खाली गेलं की घट्ट होतो, पडदा नीट जुळत नाही आणि दाण्यातली साखर, क्षार बाहेर झिरपतात. त्यावर जमिनीतली बुरशी तुटून पडते, तुम्हाला आलेला वास त्याचाच. सगळा घोळ पहिल्या दिवसभरात होतो. एकदा बी उबेत फुगलं की नंतरच्या थंडीनं उगवण लांबते, पण बी सहसा मरत नाही. आणि बी जितकं कडक वाळलेलं, टरफलाला जितक्या चिरा, तितकं ते पाणी झपाट्यानं ओढतं आणि तितकं जास्त मार खातं.

पेरणीआधी घरी एवढं करून बघा. दोन ग्लासात 25-25 दाणे, एकात फ्रिजचं पाणी घालून तो ग्लास रात्रभर फ्रिजमध्येच ठेवायचा, दुसरा घरात. सकाळी गार ग्लासातलं पाणी जास्त पिवळट, गढूळ दिसलं तर ते दाण्यातून झिरपलेलं. मग दोन्हीकडचे दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि आठ दिवसांनी मोजा. गारठ्यातले फारच कमी उगवले तर त्या बियाण्याला अजिबात घाई करू नका.

शिवार_बारामाही
मग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पेरलं तर? आम्ही हरभरा भिजवून पेरतो.

बीज_ताई
नको हो, सोयाबीनचं टरफल फार पातळ. भिजवलेला दाणा हाताळतानाच डाळी सुटतात. रान आधी ओलवा, वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर आणि भुसभुशीत राहिली, की पेरा, म्हणजे बी हळूहळू ओल घेतं. खोली 3-4 सेंमी, त्याखाली नको. कार्बोक्झिन-थायरमचं बुरशीनाशक किलोभर बियाण्याला 3 ग्रॅम चोळा आणि पेरायच्या आधी सावलीत रायझोबियम, म्हणजे नत्र देणारं जिवाणू खत, लावा. मातीत 5 सेंमीवर साधा थर्मामीटर खोचून सकाळी आठला बघा, सलग तीन-चार दिवस 15 च्या वर दिसलं की पेरा. हवेच्या आकड्यावर जाऊ नका, ओली काळी जमीन तापायला वेळ लावते.

काळी_कसदार
त्यात एक भर घालतो. बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं, शेततळ्याचं मात्र गारठलेलं असतं. ज्या आठवड्यात दिवसाची लाइट असेल त्याच आठवड्यात ओलवणीचं धरा. आणि पेरल्यावर वर पपडी धरली तर हलकं पाणी द्या, सोयाबीन मान वाकवून डाळी वर ओढतं, पपडीत ती मान मोडते.

मातीतला_गडी (परभणी)
सगळ्यांचे आभार, काय केलं ते सांगतो. ग्लासाचं करून बघितलं, फ्रिजमधलं पाणी खरंच पिवळं झालं आणि 25 पैकी 14 उगवले, घरातल्या ग्लासातले 22. मग थांबलो. थर्मामीटर सलग चार दिवस 16 दाखवत होता, तेव्हा बोअरच्या पाण्यानं दिवसा ओलवून वाफशावर पेरलं. आज नववा दिवस. सकाळी पेरलेल्या ओळीत गुडघे टेकून बसलो तर माती जागोजागी उचललेली, भेगेतून पांढरट हिरव्या वाकड्या माना दिसतायत, काहींच्या डोक्यावर टरफल अजून तसंच आहे. परवापासून परत थंडी सांगितलीय, काही करू का?

बीज_ताई
आता काही करू नका दादा. रात्रीचं पाणी तेवढं टाळा.