कंपनी बदलायचीय पण नंबर तोच हवाय, आधी जुनं कनेक्शन बंद करायचं का?

निशिगंध
मंडळी, फोनची कंपनी बदलायचं कधीपासून डोक्यात घोळतंय. घरात रेंज म्हणजे खिडकीला चिकटून उभं राहिलं तरच. पण नंबर सोडवत नाही कारण बँक, ईमेल, ऑफिस सगळीकडे हाच दिलाय आणि ओटीपीही ह्यावरच येतात. एक मैत्रीण म्हणते आधी जुन्या कंपनीला फोन करून कनेक्शन बंद करायला सांग आणि मग नवीन घे, दुसरी म्हणते चुकूनही असं करू नकोस. नक्की आधी काय करायचं? मधे फोन किती वेळ बंद राहतो? आणि अजून दोन भानगडी आहेत, कनेक्शन बाबांच्या नावावर आहे, वापरते मी. आणि हँडसेट कंपनीकडून हप्त्यावर घेतलाय, हप्ते अजून चालू आहेत.

उंटावरचा शहाणा
दुसरीचं ऐक. कनेक्शन चालू असेल तरच नंबर हलवता येतो. तू स्वतः बंद केलंस की नंबर कंपनीच्या खात्यात जमा, काही काळाने तो दुसऱ्या कुणाला तरी देतात, मग बस त्याच्यामागे फिरत. पोर्ट झालं, म्हणजे नंबर नव्या कंपनीकडे गेला, की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं, त्यासाठी कुणाला फोनबिन करावा लागत नाही.

तारायंत्र
वरचं बहुतेक ठिकाणी खरं आहे. अर्ज नवीन कंपनीकडे करायचा, जुनीला सोडून देणं ती बघून घेते. पुढची पायरी मात्र देशागणिक बदलते आणि तू कुठे आहेस ते लिहिलंच नाहीयेस, म्हणून इथे ज्या तीन देशांतले लोक जास्त दिसतात तिथलं सांगतो.

भारतात असशील तर इंग्रजीत पोर्ट, मग एक स्पेस, मग तुझा नंबर असा एसएमएस १९०० ला करायचा, आठ अक्षरी यूपीसी (म्हणजे पोर्टिंगचा) कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं. कोड चार दिवसच चालतो (जम्मू-काश्मीर, आसाम, ईशान्येकडे तीस) त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी मागव, आठवडाभर आधी मागवून काही उपयोग नाही. सर्कल (म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, साधारण एकेक राज्य) तेच असेल तर कामाचे तीन दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. आत्ताच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत आणि पोस्टपेड असेल तर बिल भरलेलं पाहिजे, नाहीतर कोडच येत नाही.

ब्रिटनमध्ये इंग्रजीत पॅक (पी-ए-सी) ही तीन अक्षरं ६५०७५ ला पाठवायची, कोड तीस दिवस चालतो आणि नव्या कंपनीला दिलास की नंबर पुढच्या कामाच्या दिवशी हलतो. ही एसएमएसची सोय १ जुलै २०१९ पासूनची, त्याआधी फोन करून कोड मागावा लागायचा आणि पलीकडचा माणूस "अहो थांबा, तुम्हाला एक खास ऑफर देतो" करत बसायचा, त्या गोड बोलण्याला कंटाळून कितीतरी लोक जागचे हललेच नसतील.

अमेरिकेत जुन्या कंपनीचा अकाउंट नंबर, बिलावरचा झिप कोड आणि ट्रान्सफर पिन लागतो. हा पिन म्हणजे लॉगिनचा पासवर्ड नव्हे आणि व्हॉइसमेलचा पिन तर नव्हेच, तो वेगळा काढून घ्यावा लागतो, जुन्या कंपनीच्या ॲपमध्ये मिळतो. साधं पोर्ट एका कामाच्या दिवसात व्हावं असा एफसीसीचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा, नियम आहे, मोबाईलवरून मोबाईल असेल तर बऱ्याचदा काही तासांतच होऊन जातं.

खटपट्या
नाव आणि पत्ता जुळतोय का ते आधी बघा!! पोर्ट परत येतं ते बहुतेक अशाच क्षुल्लक कारणाने, बिलावर एक स्पेलिंग, अर्जात दुसरं. बाबांच्या नावावर आहे ना, मग अर्ज बाबांनीच करायचा, तू त्यांच्या शेजारी बसून भर. आधी नंबर आपल्या नावावर करून घेऊ असा विचार असेल तर तो पोर्टच्या खूप आधी तरी उरक किंवा सरळ पोर्टनंतर कर. भारतात मालकी बदलायचं काम अर्धवट चालू असेल तर त्या एका कारणावरून रिक्वेस्ट नाकारतात.

मधली आळी
सगळे पोर्ट कसं करायचं सांगतायत पण मूळ दुखणं रेंजचं आहे ना? मग नंबर हलवायच्या आधी नव्या कंपनीचं एखादं स्वस्तातलं प्रीपेड सिम किंवा ईसिम घेऊन घरात फिरून बघ की, बाथरूममध्ये, जिन्यात, जिथे तुझा फोन कायम कटतो तिथे. नकाशावर रंग भरलेला असतो म्हणून भिंतीच्या आत रेंज असते असं नाही. तिकडेही तीच रड निघाली तर एवढा खटाटोप कशाला.

फक्त एक ध्यानात ठेव, ते टेस्टचं सिम नवीन नंबरचं असतं. नंतर खरं कनेक्शन घेताना जुना नंबर आणायचाय हे सुरुवातीलाच स्पष्ट सांग, नाहीतर ते नवीनच नंबर देऊन मोकळे होतात आणि मग निस्तरत बसावं लागतं.

निशिगंध
बापरे एवढी उत्तरं! मधली आळी, हे डोक्यातच आलं नव्हतं, आधी सिम घेऊन बघतेच. पण हप्त्याचं कुणी बोललंच नाही, हप्ते बाकी असतील तर नंबर अडवतात का?

तारायंत्र
नंबर आणि हँडसेट ह्या दोन वेगळ्या गोष्टी समज. अमेरिकेत बाकी आहे म्हणून कंपनीला नंबर अडवता येत नाही, पण म्हणून बाकी माफही होत नाही, हप्त्यांचे उरलेले सगळे पैसे एकदम मागू शकतात. करार नीट वाच. आणि कंपनीकडून घेतलेला हँडसेट लॉक असू शकतो, म्हणजे नंबर झाला पोर्ट पण नवीन सिम फोन घेतच नाही असा तमाशा. अनलॉक आधी.

मधल्या काळाचं विचारलं होतंस, तर पूर्ण बंद असा वेळ थोडाच असतो, खरी गंमत असते ती अर्धवट अवस्थेची. नंबर पोर्ट होतो म्हणजे सगळ्या नेटवर्कना जी यादी बघावी लागते त्यात तुझ्या नंबरसमोर नव्या कंपनीचा रूट लिहिला जातो. कॉल लावणाऱ्याचं नेटवर्क ती यादी बघतं आणि मग कॉल कुठे पाठवायचा ते ठरवतं. हे सगळीकडे पोचेपर्यंत तू नव्या सिमवरून कॉल करू शकतेस पण येणारे काही कॉल अजून जुन्याकडे जातायत असं होऊ शकतं. मेसेज त्याहून मागे रेंगाळतात. एफसीसीनेच सांगून ठेवलंय की ह्या काळात ९११ ला केलेला कॉल लागेल, पण तो कटला तर त्यांना तुला उलटा कॉल लावता येईलच असं नाही.

उंटावरचा शहाणा
पूर्वी नुसत्या पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी ओळखायचे लोक, मला तर सर्कलसकट पाठ होते. आता कशाचा काही पत्ता लागत नाही. सिंगापूरने हे १९९७ मध्येच सुरू केलं होतं म्हणे, अमेरिकेत मोबाईलला २४ नोव्हेंबर २००३ पासून, आपल्याकडे देशभर २० जानेवारी २०११ ला आणि सर्कल ओलांडून न्यायची मुभा तर थेट २०१५ च्या जुलैत. असो, अवांतर झालं.

पारिजात
ओटीपीवरून सांगते. पोर्ट ज्या दिवशी होणार त्या दिवशी पैसे पाठवायचं, तिकीट काढायचं, फी भरायची शेवटची तारीख असलं काही ठेवू नकोस. जिथे शक्य आहे तिथे आदल्या दिवशीच ओटीपी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर लावून घे, बॅकअप कोड कागदावर लिहून ठेव. बँकेचं बहुतेक एसएमएसवरच असतं, त्याला इलाज नाही.

आणि पोर्टिंग कोड कुणालाही सांगायचा नाही. आपण मागितलेला नसताना कोड आला किंवा चालू फोनची रेंज अचानक गायब होऊन परत आलीच नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच कळवायचं, कारण तुमचा नंबर कुणी पळवला की ओटीपी त्या चोराच्या हातात. ह्यासाठीच भारतात १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड देत नाहीत. लोक ह्या नियमावर चिडतात, मला तो फार बरा वाटतो. तुझं सिम नुकतंच बदललेलं असेल निशिगंध, तर तेवढे दिवस धरून चाल.

निशिगंध
सिम जुनंच आहे. शेवटचं विचारते, व्हॉट्सॲपचं काय? परत सगळं सेट करावं लागेल का?

खटपट्या
नाही गं, नंबर तोच आहे त्यामुळे व्हॉट्सॲपला फरक पडत नाही. त्यात नंबर बदला असा पर्याय दिसतो त्याला हात लावू नकोस, तो खरोखर नंबर बदलणाऱ्यांसाठी आहे. आयफोन असेल तर नवं सिम टाकल्यावर आयमेसेज एकदा बंद करून चालू कर.

जातं ते वेगळंच, प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि व्हॉइसमेल. कुणाचा आवाज जपून ठेवलेला असेल त्यात तर पोर्ट टाकायच्या आधी काढून घे. जुन्या कंपनीच्या ॲपमधली बिलंपण डाउनलोड कर, नंतर तिथे लॉगिन होईलच असं नाही आणि शेवटचं बिल तर येणारच.