मार्गारिटा: लिंबू आयत्या वेळीच पिळा

मार्गारिटा या टकीलाच्या कॉकटेलला बाटलीतला लिंबूरस चालेल का, असं एकाने विचारलंय. माझं ऐकाल तर नको. या पेयाचा सगळा जीव ताज्या आंबटपणात आहे. पिळताना सालीचा जो वास बोटांना लागतो, तो बाटलीतून कुठून येणार?

मी घेतो ते प्रमाण: ५० मिली टकीला (अगावे या वनस्पतीपासून बनणारी मेक्सिकन दारू), २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या स्वादाचं गोड मद्य), १५ मिली लिंबाचा रस. टकीला '१०० टक्के अगावे' लिहिलेलीच घ्या, नाहीतर ती बनवताना ४९ टक्क्यांपर्यंत साखर अगावेऐवजी दुसरीच वापरलेली असू शकते. सगळं शेकरमध्ये (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) ओता, बर्फ हात आखडता न घेता घाला आणि शेकर बाहेरून धुरकट, हाताला झोंबेल इतका गार होईस्तोवर जोरात हलवा. मीठ मात्र ग्लासच्या अर्ध्याच कडेला, तेही बाहेरून. आत सांडलं की सगळं खारट!