मदत हवी आहे: मेलमध्ये 'शिप बाय २० मे' लिहिलंय, म्हणजे नक्की काय करायचं?

नमस्कार मंडळी, आमचा कुडाळजवळ काजूगराचा छोटा कारखाना आहे. आतापर्यंत माल पुण्या-मुंबईच्या दुकानदारांनाच जायचा, ट्रान्सपोर्टवाल्याकडे खोके टाकले, पावतीचा फोटो व्हॉट्सॲपला पाठवला की विषय संपला. यंदा पहिल्यांदाच बाहेरच्या पार्टीने डब्ल्यू ३२० प्रतीचा गर मागितलाय, रेट एफओबी न्हावा शेवा ठरलाय आणि मेलमध्ये 'प्लीज शिप बाय २० मे'. आता घरात दोन पक्ष. बाबा म्हणतात ट्रक कुडाळातून सुटला की शिप झालं, काका म्हणतात शिप म्हणजे जहाज, माल बोटीवर चढलेला पाहिजे. पण मग ऑनलाइन काही मागवलं की 'शिप्ड' असा मेसेज येतो त्याचं काय, तो कुरियरवाला तर स्कूटरवरून येतो! डिक्शनरीत 'पाठवणे' एवढंच दिलंय. आणि 'बाय' म्हणजे त्याच दिवशी की त्याच्या आत? पार्टीलाच विचारलं तर नवखे समजतील असं बाबांना वाटतंय.

प्रतिसाद १
'बाय' म्हणजे २० पर्यंत, आधी केलंत तरी चालेल. शिप करणं म्हणजे मुळात जहाजावर चढवणं, पण अमेरिकेत रेल्वेने, ट्रकने, कशानेही माल रवाना केला तरी हेच क्रियापद वापरायला लागले आणि ऑनलाइनवाल्यांनी तेच उचललं. तिथे शिप्ड म्हणजे कुरियरच्या ताब्यात दिलं, तुमच्या हातात पडलं की डिलिव्हर्ड. देशातल्या मालाला बाबांचं बरोबरच आहे, १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्येसुद्धा माल वाहतूकदाराकडे सोपवला की सहसा गिऱ्हाइकाला दिल्यासारखाच धरतात. पण तुमच्या केसमध्ये काका जिंकले. एफओबी म्हणजे फ्री ऑन बोर्ड, माल बोटीवर चढेपर्यंत जोखीम तुमची, आणि तारीख बघतात ती बिल ऑफ लेडिंगवरच्या (बोट कंपनी देते ती मालाची पावती) 'शिप्ड ऑन बोर्ड'ची. ट्रक २० ला सोडलात तर गेलात कामातून, कंटेनर बंदरात घ्यायची मुदत बोट सुटायच्या आधीच संपते. सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) आजच फोन लावा.

प्रतिसाद २
पार्टी अमेरिकन आहे का? त्यांच्याकडे देशांतर्गत ट्रकच्या मालालाही एफओबी म्हणतात, म्हणून 'इन्कोटर्म्स २०२०' (अशा अटींचे जगभर ठरलेले अर्थ) असं ऑर्डरवर लिहून घ्या. खरं तर कंटेनरच्या मालाला एफसीए (फ्री कॅरियर, माल वाहतूकदाराकडे सोपवला की जोखीम संपली) बरं, पण ते पुढच्या ऑर्डरला. आणि विचारायला लाज कसली हो, 'इज २० मे द ऑन बोर्ड डेट?' एवढी एक ओळ टाका, उलट धंद्यातला माणूस वाटाल.

मूळ धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! काका खुशीत आहेत, बाबा अजून ऐकत नाहीयेत. ते म्हणतात आपली एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, पैशांची बँकेची हमी) नाहीच, अर्धा ॲडव्हान्स आलाय, मग तारीख कोण बघणार?

प्रतिसाद १
उरलेला अर्धा देणारा बघणार की!